टाइम-आउट: टीव्हीवरचा आणि आपल्या कोर्टावरचा

इंदूरच्या रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये किंवा रामबागेतल्या पोरांच्या मॅचला पंच म्हणून उभं राहा, एक भांडण हमखास होतं. थ्रो-इनला, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकताना, चेंडू हातात, पास द्यायला कोणी मोकळं नाही, आणि पोरगा खेळ थोडा थांबवायला ओरडतो, "काका, टाइम-आउट!"

एनबीएत, म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, हे चालतं. मैदानावरचा खेळाडू स्वतः टाइम-आउट मागू शकतो, अगदी थ्रो-इनचे पाच सेकंद संपत आले असतानाही. आपण मात्र फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी खेळतो. इथे टाइम-आउट फक्त प्रशिक्षक किंवा पहिला सहायक मागतो, तोही गुण नोंदवणाऱ्यांच्या टेबलापाशी. शिवाय चेंडू थ्रो-इन करणाऱ्याच्या ताब्यात गेला की संधी संपली. पाच सेकंदांत पास नाही, तर चेंडू समोरच्यांचा. पोरं रुसतात, रुसू देत.

बास्केट झाल्यावर खरी कसोटी. टाइम-आउट ज्यांच्यावर बास्केट झाली त्यांनाच, आणि मागणी चेंडू थ्रो-इनला उचलण्याआधी आलेली हवी. म्हणून मी शिट्टीआधी टेबलाकडे बघतो.

संख्येचा हिशेब सोपा: एनबीएत सात, फिबात पूर्वार्धात दोन आणि उत्तरार्धात तीन, त्यातले शेवटच्या दोन मिनिटांत फार तर दोन.

चेंडू पुढे आणायची सोय शेवटच्या दोन मिनिटांत दोन्हीकडे आहे. फिबात आपल्याच अर्ध्यातून थ्रो-इन असेल, तर टाइम-आउटनंतर जागा प्रशिक्षक निवडतो. समोरच्या अर्ध्यातली निवडली, तर शॉट क्लॉकवर (बास्केटकडे चेंडू मारायची मुदत मोजणारं घड्याळ) जास्तीत जास्त १४ सेकंद. हे पालकांना समजावताना माझी पोहे-जिलेबी गार होते.