रियल ग्रेड गंडम आरएक्स-७८-२: जोडायला झकास, कोकणात सांभाळायला कटकटीचा

गंडम म्हणजे जपानी अ‍ॅनिमेतला महाकाय रोबो. बांदाई या जपानी खेळणी कंपनीने त्याच्या जोडायच्या प्लास्टिक मॉडेलांची रियल ग्रेड ही मालिका २०१० साली याच मॉडेलने सुरू केली. कथेतला १८ मीटरचा गंडम १/१४४ प्रमाणात साडेबारा सेंटिमीटरचा होतो. एवढ्याशा जागेत आतला सांगाडा, त्यावरचं चिलखत आणि दोन छटांचा पांढरा रंग, सगळं बसवलंय. हात-पायांचे सांधे आधीच जुळवलेले येतात. रनरमधून, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला चिकटून येतात तिच्यातून, कापले की लगेच हलतात. जोडणीचा आनंद पैसे वसूल करणारा आहे.

खोड त्याच सांध्यांत आहे. वारंवार पोझ बदलली की ते ढिले पडतात आणि गंडम कंबरेतून वाकतो. गोल सांध्यावर सुपर ग्लूचा पातळ थर द्यावा, पूर्ण सुकल्यावरच परत जोडावा. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानेच आवळतो, त्यामुळे आपल्याकडे फार वेळ हाताशी नसतो. जास्त लागला तर आजूबाजूला पांढरी धूसर झाक येते.

भाग दोनदा कापायचा: आधी दीडेक मिलिमीटर देठ ठेवून, मग सपाटीला. राहिलेली खूण ६००, मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने काढायची. एकाच फटक्यात कापलं तर प्लास्टिकवर ताण येऊन पांढरा डाग पडतो. निळ्या-लाल भागांवर तो लपत नाही. चिलखतावरच्या खाचांत रेघा भरायला बारीक टोकाचं पेन बरं. इनॅमल शाई घट्ट बसवलेल्या सांध्यात झिरपली तर प्लास्टिक तडकतं.

स्टिकर हे खरं जिकिरीचं काम. शेकड्याच्या घरात, काही तांदळाच्या कणीएवढे. बोटाचं तेल लागलं की पावसाळ्यात कडा उचलल्याच समजा. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, चिमट्याने लावा, कापसाच्या काडीने दाबा. वरून मॅट स्प्रे मारायचा तर दिवाळी ते शिमगा हाच काळ. श्रावणात गणपतीच्या शाळेत रंग वाळवताना जी तारांबळ उडते तीच इथे, फक्त इथे स्प्रे दमट हवेत पांढरा पडतो आणि मॉडेल पिठात लोळल्यासारखं दिसतं.

मांडणीला काचेचं बंद कपाट हवं, आत सिलिका जेल. रंग बदलला की जेल तापवून कोरडं करा. समुद्राकडच्या खिडकीत ठेवलं तर खारट चिकट धूळ बसते आणि उन्हाने पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. उभं राहण्याचा भरवसा नाही, अ‍ॅक्शन बेस (मॉडेल पेलणारा स्टँड) वेगळा घ्या. निपरला (भाग कापायच्या पकडीला) शिलाई मशीनचं तेल पुसून ठेवा, नाहीतर गंज ठरलेला.

२०२४ मध्ये याचीच २.० आवृत्ती आली, सांगाडा नव्याने बनवलेला. मागवताना नाव नीट वाचा, खोकी सहज चुकतात. आणि पहिलंच मॉडेल असेल तर २०२० चा एंट्री ग्रेड (नवशिक्यांसाठीची सोपी मालिका) गंडम घ्या: हातानेच भाग सुटतात, स्टिकरची भानगड नाही.