जुन्या तिजोरीचं अनोळखी कुलूप आणि फोनला जोडायचा बोअरस्कोप: कोणता घ्यावा, कितपत चालतो

किल्ली हरवलेली, दारावरचं नाव रंगाखाली गेलेलं, अशी तिजोरी समोर असेल तर आत कोणत्या जातीचं कुलूप आहे हे कळल्याशिवाय कोणाला ड्रिल लावू देऊ नका. चुकीच्या जागी पडलेलं एक भोक कुलूपही बिघडवतं आणि तिजोरीची किंमतही घालवतं. आत डोकावायला बोअरस्कोप, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेला हा छोटा कॅमेरा, उत्तम साधन आहे, पण तो बघून घ्यावा लागतो. पाचपैकी साडेतीन तारे.

साधारण तीन जाडींत मिळतो: 3.9, 5.5 आणि 8 मिमी. 8 मिमीचा या कामाला निरुपयोगी. 5.5 मिमीचा किल्लीच्या मोठ्या भोकातून जातो, पण त्यातल्या बऱ्याच मॉडेलांचा फोकस 3 सेंमीच्या पुढे सुरू होतो आणि कुलपाच्या पेटीत सगळं त्याहून जवळ असतं. फोनच्या पडद्यावर नुसता पिवळा धूसर पट्टा दिसतो. म्हणून मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका, फोकसचं किमान अंतर वाचा. 1 ते 1.5 सेंमीवर स्पष्ट दिसणारा 3.9 मिमीचा घ्या.

दुसरी अडचण उजेडाची. टोकाचे एलईडी पितळेवर इतके चमकतात की कडा दिसतच नाहीत. प्रकाश सर्वांत कमी ठेवा आणि टोक किंचित तिरकं धरा, म्हणजे चकाकी लेन्सवर सरळ परत येत नाही. पेटीवर कोरलेला आकडा वाचायचा तर तिरकाच उजेड हवा. समोरून टाकलेल्या उजेडात कोरीव रेघ सपाट होऊन जाते.

सोबतचा आरसा, हूक आणि लोहचुंबक डब्यातच राहू द्या. आरसा नुसता दाबून बसवलेला असतो, भोकाच्या कडेला अडकला की निसटून कुलपात पडतो. हूक त्याहून वाईट. जेरेमाया चब यांनी 1818 मध्ये पेटंट घेतलेल्या डिटेक्टर कुलपात एखादी लिव्हर (किल्लीने उचलली जाणारी आतली पट्टी) गरजेपेक्षा जास्त उचलली गेली की एक खटका तिला धरून ठेवतो, आणि मग खरी किल्लीही लागत नाही. पुढच्या काळातल्या डिटेक्टर कुलपांत खरी किल्ली आधी उलटी फिरवली की खटका सुटतो. पण किल्लीच नसेल तर फिरवणार काय?

आता काय बघायचं ते. आधी कॅमेरा बाजूला ठेवून भोकच नीट पाहा. काही तिजोऱ्यांत ते रिव्हेटच्या गोल डोक्याआड किंवा सरकत्या पट्टीमागे लपवलेलं असतं, आणि समोर दिसणारं भोक नुसतं दाखवायचं असतं. भोकाच्या मध्यात खुंटी असेल तर किल्ली पोकळ नळीची. गोल भोक, मध्ये खुंटी आणि भोवती बारीक खाचांचं कडं दिसलं तर ते इंग्रज कारागीर जोसेफ ब्रामा यांच्या पद्धतीचं कुलूप. त्याची नळीसारखी किल्ली स्प्रिंगविरुद्ध आत दाबून मग फिरवतात. ब्रामाचं पेटंट 1784 चं असलं तरी ही पद्धत पुढे फार काळ चालली, त्यामुळे एवढ्यावरून तिजोरीचं वय ठरवू नका. भोकाला दोन्ही बाजूंनी पंख असतील तर किल्लीला दोन्हीकडे दाते.

कॅमेरा आत गेल्यावर लिव्हरच्या कडा पत्त्यांच्या जुडीसारख्या एकावर एक दिसतात. मोजताना एक चूक हमखास होते: त्याच थरात कुलपाचा बोल्टही (किल्लीने सरकणारा दांडा) असतो आणि तो लिव्हर म्हणून मोजला जातो. बोल्ट बहुधा जाड असतो आणि त्याला स्वतःची स्प्रिंग नसते. लिव्हरला प्रत्येकी एक असते. हाच हिशेब किल्लीवर: दात्यावर आठ पायऱ्या असलेली किल्ली म्हणजे बहुधा सात लिव्हर आणि एक पायरी बोल्टसाठी. जुनं ग्रीस घट्ट होऊन दोन लिव्हर एकच भासतात, म्हणून दोन कोनांतून मोजा. तेल फवारू नका, लेन्सही जाते आणि मळ आणखी खोल बसतो.

लिव्हरऐवजी फक्त गुळगुळीत गोल नळकांडं आणि त्यात एक चीर दिसली तर कॅमेरा बिघडलेला नाही. तो किल्लीबरोबर फिरणारा पडदा आहे, आतलं दिसू नये म्हणूनच बसवलेला. कारागिराला हे सांगा. पडदा असणं हीसुद्धा कुलपाची ओळखच.

आकड्यांच्या डायलला मात्र कॅमेरा काहीच कामाचा नाही. तिथे हाताने मोजा. डायल एका बाजूला चार-पाच फेरे फिरवा, मग उलट दिशेला सावकाश. साधारण दर फेऱ्याला एकदा डायल किंचित जड होतं, डायलमागच्या चकत्यांपैकी पुढची एक सोबत फिरू लागल्याची ती खूण. जितक्या वेळा जडपणा वाढला तितक्या चकत्या, बहुधा तीन किंवा चार.

दार उघडं असेल तर कॅमेऱ्याचा खरा उपयोग होतो. दार बंद होऊ नये म्हणून आधी लाकडी ठोकळा लावा. मागचा पत्रा काढण्याआधी त्याच्या फटीतून टोक घालून आत पाहा. अग्निरोधक भराव दिसला तर तो उकरू नका, जुन्या भरावात अॅस्बेस्टॉस असू शकतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या काही अमेरिकी तिजोऱ्यांत कुलपाजवळ अश्रुधुराच्या काचेच्या कुप्या बसवलेल्या असत. फटीतून काचेची नळी चमकली तर कॅमेरा हळूच बाहेर काढा, पत्रा तसाच ठेवा आणि फोटो घेऊन तिजोरीच्या जाणकाराकडे जा.