दाबाची जखम की ओलाव्याने सोललेली त्वचा?

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या बैठकीवर लाली दिसली की सरसकट 'बेडसोर' म्हणू नका. उपाय वेगळे आहेत.

दाबाची जखम, म्हणजेच बेडसोर, हाडाच्या उंचवट्यावर होते: माकडहाड, टाच, खुबा. कडा बहुधा स्पष्ट असतात. बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. लाली पांढरी पडली नाही तर आतल्या ऊतींना इजा सुरू झाली आहे. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, तिथे कडकपणा आणि आजूबाजूपेक्षा गरम-थंड स्पर्श तपासा.

लघवी-शौचाच्या ओलाव्याने झालेली इजा पसरट, उथळ, वेड्यावाकड्या कडांची असते. ती त्वचेच्या घडीत किंवा दोन्ही नितंबांवर समोरासमोर उमटते आणि जळजळते. काळी मृत त्वचा दिसली, तर कारण केवळ ओलावा नाही.

दाबाच्या जखमेत दर दोन तासांनी कूस बदला, पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी ठेवा. लाल भाग चोळू नका. चोळल्याने इजा वाढते. ओलाव्याच्या इजेत कोमट पाण्याने लगेच स्वच्छ करा, टिपून कोरडे करा, झिंक ऑक्साइड मलमाचा पातळ थर लावा. एकावर एक दोन डायपर नकोत, उष्णता कोंडते.

पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. शंका आली की जागा आणि आकार लिहून त्याच कामाच्या पाळीत (शिफ्टमध्ये) नर्सला दाखवा.