दोनदा, तीनदा की सहादा? वजनाच्या हिशेबात किती वेळा खायचं

वजन कमी करायचं ठरवलं की पहिल्या आठवड्यातच दोन तऱ्हेचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, पोट रिकामं ठेवू नकोस. दुसरा म्हणतो, दोनदाच जेव आणि मधे तोंडाला कुलूप. दोघांकडेही तसं करून बारीक झालेली माणसं दाखवायला असतात, आणि ती माणसं खोटी नसतात. वजन वाढवायचं असलेल्यांची पंचाईत वेगळी नाही, फक्त त्यांना सल्ला देणारे जरा जास्त उत्साही असतात.

निवड करायची तर आधी दोन प्रश्न एकमेकांपासून सोडवून घ्यायला हवेत. किती वेळा खाल्लं यामुळे शरीराच्या आत काही वेगळं घडतं का, हा एक. आणि त्यामुळे दिवसभराचं एकूण खाणं वाढतं की आटोक्यात राहतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आहे, जवळजवळ काही नाही. दुसऱ्याचं उत्तर माणसागणिक बदलतं, आणि निवड त्याच्यावरच करायची असते.

सहा वेळा खाणाऱ्यांचा दावा

‘चयापचयाची भट्टी पेटती ठेवायची तर मधे मधे सरपण घालत राहा’ हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की ते तपासावंसंही वाटत नाही. त्यात अर्धं सत्य आहे. अन्न पचवायला, शोषायला आणि साठवायला शरीराला ऊर्जा लागते, आणि मिश्र आहारात हा खर्च खाल्लेल्या कॅलरींच्या साधारण १० टक्के येतो. पण तो ठरतो किती खाल्लं यावर. किती वेळा खाल्लं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

समजा दिवसाचा कोटा १८०० कॅलरींचा आहे. ३०० च्या सहा वाटण्या केल्या तर दर खेपेला ३० कॅलरी पचनात जातात, दिवसाला १८०. ६०० ची तीन जेवणं केली तर ६० च्या हिशेबाने पुन्हा १८०. ९०० ची दोन केली तर ९० आणि ९०. भट्टी वारंवार पेटते हे खरं, पण दर वेळी तेवढीच कमी पेटते.

हा खर्च खरोखर बदलतो तो ताटात काय आहे यावर. प्रथिनं पचवायला त्यांच्यातल्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के खर्ची पडते, कर्बोदकांना ५ ते १० टक्के आणि चरबीला जेमतेम ० ते ३ टक्के. म्हणजे घड्याळाकडे बघण्याऐवजी जेवणातली प्रथिनं वाढवली तर थोडा का होईना, खरा फरक पडतो.

प्रत्यक्ष चाचण्याही हेच सांगतात. उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणारा एक आढावा ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये १९९७ साली आला. जास्त वेळा खाल्ल्याने ऊर्जाखर्च वाढतो याला आधार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच नियतकालिकात २०१० साली आलेल्या एका प्रयोगात लठ्ठ व्यक्तींना आठ आठवडे सारख्याच कमी कॅलरी दिल्या होत्या, एका गटाला तीन जेवणांत आणि दुसऱ्याला तीन जेवणं अधिक तीन छोटी खाणी अशा सहा भागांत. दोन्ही गटांच्या वजनघटीत फरक आढळला नाही. २०१३ च्या आणखी एका अभ्यासात तीन आणि सहा वेळा खाण्याची तुलना केली, तेव्हा २४ तासांत जाळलेली चरबी सारखीच निघाली. उलट सहा वेळा खाताना लोकांना भूक आणि खाण्याची इच्छा जास्त जाणवली. हे मला फार बोलकं वाटतं, कारण छोट्या खाण्यांची जाहिरात नेमकी ‘भूक लागणार नाही’ अशीच होते.

मग ही समजूत आली कुठून? १९६० च्या दशकात काही निरीक्षणं अशी होती, की जास्त वेळा खाणारी माणसं सडपातळ असतात. पण निरीक्षणात कारण आणि परिणाम सहज उलटे लागतात. ज्यांचं वजन वाढलंय तेच जेवणं टाळू लागतात, आणि खाण्याची नोंद करताना मधलं चरणं गाळतात. कागदावर ते कमी वेळा खाणारे ठरतात आणि दोष जाऊन बसतो न खाल्लेल्या जेवणावर.

दोनदाच जेवणाऱ्यांचा दावा

इथे मात्र दोन गैरसमज आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध टोकांना उभे आहेत. विरोधक म्हणतात, जेवण चुकवलं की शरीर घाबरतं आणि चरबी साठवायला लागतं. समर्थक म्हणतात, खाण्याची वेळ आठ तासांत कोंबली की चरबी आपोआप वितळते.

पहिली भीती अनाठायी आहे. २००० सालच्या एका अभ्यासात सडपातळ, निरोगी माणसांना साडेतीन दिवस अन्नावाचून ठेवलं होतं. विश्रांतीतला त्यांचा ऊर्जाखर्च सुरुवातीला घटला तर नाहीच, तिसऱ्या दिवसापर्यंत वाढला. चयापचय मंदावतं ते दीर्घकाळ कमी खाल्ल्यावर आणि वजन बरंच उतरल्यावर. त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या मिनेसोटातलं आहे. १९४४-४५ साली शरीरशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी ३६ पुरुष स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं चयापचय खूप मंदावलं. तरीही त्यांचं वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने घटलं. सकाळचा नाश्ता चुकला म्हणून दुपारपर्यंत शरीर ‘साठवणीच्या अवस्थेत’ जातं, असं मानायला यात काही आधार नाही.

दुसरा दावाही फुगवलेला आहे. २०२० मध्ये ११६ जणांवर बारा आठवडे चाललेल्या चाचणीत, आठ तासांच्या मर्यादेत खाणाऱ्यांची वजनघट दिवसाला तीनदा ठरावीक वेळी जेवणाऱ्यांपेक्षा लक्षणीय जास्त निघाली नाही. २०२२ मध्ये चीनमधल्या १३९ जणांवर वर्षभराचा प्रयोग झाला. दोन्ही गटांना कॅलरी कमीच दिल्या होत्या, आणि एका गटाने त्या सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच खायच्या होत्या. वर्षअखेर त्या गटाचं वजन सरासरी ८ किलोंनी उतरलं, दुसऱ्याचं ६.३ किलोंनी, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

तरीही दोनदा जेवण्याचा एक साधा फायदा राहतोच. खाण्याच्या संधी कमी होतात. रात्री नऊनंतर स्वयंपाकघरात जायचंच नाही असा नियम असला की त्या वेळचं वेफर्सचं पाकीट फुटत नाही, आणि त्या पाकिटात ३००-४०० कॅलरी सहज असतात. जादू म्हणाल तर एवढीच.

नाश्ता आणि रात्रीचं जेवण

नाश्ता टाळला की वजन वाढतं, हा समज २०१९ च्या एका आढाव्यात चांगलाच हलला. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या या आढाव्यात १३ चाचण्या होत्या. नाश्ता करणाऱ्यांच्या पोटात दिवसाला सरासरी २६० कॅलरी जास्त गेल्या, आणि न करणाऱ्यांचं वजन त्यांच्यापेक्षा सरासरी ०.४४ किलोंनी कमी भरलं. चाचण्या छोट्या काळाच्या होत्या, दर्जाही फार उंच नव्हता, त्यामुळे यावरून नाश्ता सोडायचा सल्ला मी देणार नाही. सकाळी भूक नसताना जबरदस्तीने खायची गरज नाही, इतकं मात्र नक्की.

‘रात्री खाल्लेलं अंगावर चढतं’ हेही तसंच. २०२२ मध्ये ३० जणांना चार आठवडे सकाळी जड आणि चार आठवडे रात्री जड असं, एकूण कॅलरी सारख्या ठेवून, खायला दिलं. वजन दोन्हीकडे सारखंच उतरलं. सकाळी जड खाताना भूक मात्र कमी लागली, आणि भुकेने डाव उधळला जाणाऱ्यांसाठी ही गोष्ट छोटी नाही.

समोरासमोर ठेवलं तर

मोजमापाच्या बाबतीत तीन जेवणं सगळ्यात सोपी. सहा वेळा खाणाऱ्याला दिवसातून सहा वेळा थांबायचं असतं, आणि छोट्या खाण्यांचा अंदाजच जास्त चुकतो. बदामांची मूठच घ्या. ३० ग्रॅम बदामांत साधारण १७५ कॅलरी असतात. मूठ जरा सैल झाली आणि ४५ ग्रॅम आले, तर २६०. डोळ्यांना फरक दिसत नाही, पोटालाही जाणवत नाही. अशा तीन मुठी झाल्या की अडीचशेच्या वर कॅलरी गुपचूप आत जातात आणि वजन उतरवण्यासाठी ठेवलेली दिवसाची कॅलरींची तूट संपते. दोन मोठ्या जेवणांत असे निसटते घास कमी, पण तिथे दुसरा धोका: कडकडून भूक लागलेली असताना हात आवरत नाही.

प्रथिनांच्या दृष्टीने तीन किंवा चार जेवणं बरी. स्नायू टिकवायचे किंवा वाढवायचे असतील तर व्यायामासोबत दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. ७० किलोंच्या माणसाला ११२ ग्रॅम. दोन जेवणांत एवढी बसवायची म्हणजे एका बैठकीत ५६ ग्रॅम. अशक्य नाही, पण कंटाळवाणं आहे.

आणि एक गोष्ट या सगळ्यावर मात करते. २०१९ मध्ये अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियाकृत (कारखान्यात तयार होणारे, पाकीटबंद) पदार्थ आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रिया केलेलं अन्न दिलं. जेवणं दोन्हीकडे तीनच, हवं तेवढं खायची मुभाही दोन्हीकडे सारखी. अतिप्रक्रियाकृत खाण्यावर असताना लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. जेवणांची संख्या तीच आणि फरक पाचशेचा! किती वेळा या वादात जेवढी शाई सांडते, तिचा चौथा हिस्सा जरी ‘काय’ या प्रश्नावर सांडली तरी पुष्कळ.

‘पाणी प्यालं तरी अंगाला लागतं’

आणि त्याच्या उलट, ‘कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही’. या दोन्ही तक्रारींवर शास्त्रज्ञांनी काम केलंय. १९९२ च्या एका अभ्यासात, १२०० कॅलरींच्या खाली खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्यांचं प्रत्यक्ष मोजमाप झालं. चयापचय ठीकठाक निघालं, पण ते आपलं खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी नोंदवत होते. त्यांना खोटारडे म्हणायचं कारण नाही. आठवणीतून खाणं मोजायला कुणालाच नीट जमत नाही.

दुसऱ्या तक्रारीत जास्त तथ्य आहे. १९९९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात १६ जणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी जादा खाऊ घातल्या. कुणाची चरबी ०.३६ किलोंनी वाढली, कुणाची ४.२३ किलोंनी. हा फरक आला व्यायामाबाहेरच्या हालचालीतून. जादा खाल्ल्यावर काहींचं शरीर नकळत चुळबुळ वाढवतं, जास्त उभं राहतं, जास्त चालतं. पण एवढं होऊनही चरबी सगळ्यांचीच वाढली. म्हणजे अंगाला लागतं, फक्त त्यांना इतरांपेक्षा जास्त घालावं लागतं.

म्हणूनच वजन वाढवायचं असलेल्यांना मी सहा वेळांच्या बाजूने सांगेन. कारण भट्टीचं नाही, पोटाच्या मापाचं आहे. लवकर पोट भरणाऱ्याला ३००० कॅलरी तीन बैठकींत जात नाहीत. त्यात पातळ पदार्थ मदतीला येतात: ३०० मिलिलिटर साईचं दूध, एक केळं आणि दोन मोठे चमचे पीनट बटर घुसळलं की पावणेपाचशे कॅलरींच्या आसपास जातात, आणि चावायचे कष्ट नाहीत. १५ मिलिलिटरचा एक चमचा तेल जेवणात वाढवलं तर त्याच्या १२०. रोज ३०० ते ५०० ची भर पुरते. वजनं उचलायचा व्यायाम जोडला नाही तर वाढ मुख्यतः चरबीचीच होते.

कमी करायचं असेल आणि कोणतीच खास अडचण नसेल, तर तीन जेवणांपासून सुरुवात करा. संध्याकाळनंतर ताबा सुटतो? मग दोन जेवणं किंवा लवकरचं रात्रीचं जेवण करून पाहा. दोन जेवणांमध्ये डोकं दुखून चिडचिड होत असेल तर मधे एक खाणं ठेवा, पण तेही वाटीत काढून, डब्यातून परस्पर नाही.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवण चुकवू नये. गरोदर स्त्रिया, वाढत्या वयातली मुलं आणि पूर्वी खाण्यासंबंधीचा मानसिक आजार होऊन गेलेल्यांनी लांब अंतराचे प्रयोग करू नयेत.

कोणतीही पद्धत घेतली तरी वजन रोज सकाळी एकाच वेळी बघून आठवड्याची सरासरी काढा. शरीरात साठलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (कर्बोदकांचा शरीरातला साठा) साधारण ३ ग्रॅम पाणी राहतं, त्यामुळे एका भरपेट जेवणानंतर काटा किलोभर वर गेला तरी ती चरबी नसते. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात, तेवढ्या जादा एका रात्रीत कुणी खात नाही. तीन-चार आठवडे सरासरी हलली नाही, तर आधी ताटातलं प्रमाण १५०-२०० कॅलरींनी बदला. जेवणांची संख्या तशीच राहू द्या, नाहीतर नक्की कशाचा परिणाम झाला हे कळणार नाही.