बुधवारचा शेतकरी बाजार : माल चार तारे, भावाचं मात्र बोलायला हवं

आधी कामाचं सांगतो. सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला, आमच्या सोसायटीपासून चालत जाता येईल अशा मोकळ्या जागेत दर बुधवारी शेतकरी आठवडे बाजार भरतो. दुपारी साडेतीनला टेम्पो लागतात, चारला विक्री सुरू होते, रात्री नऊपर्यंत चालते. पंचवीस-तीस टेबलं, वर मंडप, प्रत्येकाकडे इलेक्ट्रॉनिक काटा आणि क्यूआर कोडचा पुठ्ठा. पालेभाजी अव्वल. फळभाजी चांगली. फळं बरी. कोपऱ्यातल्या टेबलावरची कडधान्यं आणि गूळ घेऊ नका. पोत्याची शिवण यंत्राची असते आणि आतला माल किराणा दुकानातलाच असतो. दुचाकी लावायला जागा आहे, चारचाकी आणू नका. पाचपैकी चार तारे.

हे तारे देणारा माणूस बाजारातलाच आहे, ते आधी सांगून टाकतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात एका आडत्याच्या गाळ्यावर मी हिशेब लिहिणारा दिवाणजी होतो. पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचे हिशेब, लिहिण्यात हयात गेली. वर डाग (पोती, क्रेट) किती, वजन किती, भाव काय. खाली हमाली, तोलाई, मोटारभाडं, आडत. आणि सगळ्यात खाली शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम. ती वाचताना समोरच्याचा चेहरा मी सहसा बघत नसे. त्यामुळे या बाजाराच्या तोंडाशी ‘ना दलाल, ना आडत, थेट शेतातून घरात’ असा फ्लेक्स दिसला तेव्हा मी पिशवी काखेत मारून तो दोनदा वाचला.

मालाबद्दल तक्रार नाही. पुरंदरचा वाटाणा हंगामात इथं जसा मिळतो तसा शहरात इतरत्र मिळत नाही. शेंग मोडली की आवाज येतो. मेथीची जुडी सकाळी काढलेली असते, मुळांना ओली माती असते. ज्या ॲपवरून पोरं दहा मिनिटांत कोथिंबीर मागवतात तिच्या काड्या मोजून घ्याव्या लागतात. इथली जुडी दोन दिवस पुरते. टोमॅटो नारायणगावकडचा, जाड सालीचा, आठवडाभर टिकणारा.

आता भाव. परवा टोमॅटो ४० रुपये किलो होता. त्याच सकाळी यार्डात दहा किलोला दोनशे ते अडीचशे निघाला होता, म्हणजे किलोला वीस-पंचवीस. (यार्डात अजूनही माझे दोन-चार दोस्त आहेत, फोन केला की भाव कळतो. शनिवारी फळ-भाजी विभाग बंद असतो आणि रविवारी आवक फुटते, एवढं लक्षात ठेवलं तर पुण्याची निम्मी भाजी समजते.) रस्त्यावरच्या हातगाडीवर तोच टोमॅटो पन्नास. म्हणजे गिऱ्हाइकाचे दहा वाचले आणि शेतकऱ्याला पंधरा जास्त मिळाले, असं मंडपातला माइकवाला सांगतो. मला हिशेबाची खोड असल्यामुळे मी टेबलावरच्या मुलाला विचारलं.

मुलगा खेड तालुक्यातला, पंचविशीचा, बोलायला चटपटीत.

“हा सगळा तुझ्या रानातला?”

“नाही काका. मिरची आन् दोडका घरचा. बाकी गावातल्या सात-आठ जणांचा. आमचा गट आहे.”

“त्यांना काय देतोस?”

“यार्डापेक्षा किलोमागं तीन रुपये जास्त. जागेवर, रोख.”

“आणि संध्याकाळी उरलं तर?”

“उरलं तर माझं.”

म्हटलं, अरे मग तू आडत्याच्याही पुढे गेलास. आडत्या माल विकत घेत नाही, विकून देतो आणि शेकड्यामागे आपलं घेतो. उरल्यासुरल्याचा घोर शेतकऱ्याच्या माथी. तू तर रोख घेऊन जोखीम उचलतोस. तू व्यापारी झालास की! तो इकडंतिकडं बघून म्हणाला, “हळू बोला काका, फ्लेक्सखालीच उभे आहोत.”

त्याला मी दोष देत नाही. टेम्पोचं भाडं, डिझेल, जागेचं शुल्क, दोन पोरांची मजुरी, पिशव्या, वाटेत पिचकलेला माल, आणि वर पाच तास उभं राहणं. हे सगळं ४० रुपयांतून वजा केलं तर त्याच्या हाती राहतं ते काही लुटीचं नाही. यार्डात हेच पैसे पाच जणांत वाटले जातात, इथं दोघांत. कामं तेवढीच. शेतातून टोमॅटो आपोआप चालत सिंहगड रस्त्यावर येत नाही, एवढं आमच्या सोसायटीतल्या लोकांना समजावताना माझी दमछाक होते.

कारण रांगेत ‘दलालांनी देश खाल्ला’ हे वाक्य पिशवी उघडण्याआधीच तोंडातून बाहेर पडतं. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांचंच घ्या. निवृत्तीचा पैसा शेअर बाजारात आहे, सकाळी सव्वानऊला टीव्हीसमोर बसतात, सरकारने धंद्यात पडूच नये हे त्यांचं ठाम मत. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो दीडशेच्या वर गेला तेव्हा याच गृहस्थांनी लिफ्टमध्ये मला धरलं. “सरकार झोपलंय काय?” सरकार झोपलं नव्हतं. एनसीसीएफ आणि नाफेड या सहकारी संस्थांमार्फत टोमॅटो खरेदी करून दिल्लीसारख्या शहरांत आधी ९० रुपयांनी, मग आणखी उतरवून विकला, ऑगस्टमध्ये नेपाळहून आयातीचंही ठरलं. त्याच वर्षी एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रातले शेतकरी दोन-तीन रुपये भाव मिळतो म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतत होते. तेव्हा लिफ्टमध्ये मला कुणी धरलं नाही.

कांद्याचं तर याहून उघड. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. ती ४ मे २०२४ ला उठली, तीही टनाला ५५० डॉलरचा किमान दर आणि ते ४० टक्के शुल्क ठेवून. आमच्याकडे या पाच महिन्यांत कांदाभजी स्वस्त झाली म्हणून सगळे खूश. मी खेडच्या त्या मुलापाशी विषय काढला. त्याचे आजोबा शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या चाकणच्या कांदा आंदोलनात रस्त्यावर बसलेले, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ओरडून घसा बसलेली पिढी. जोशींचं म्हणणं सरळ होतं : शेतकऱ्याला सवलत नको, बाजार मोकळा द्या, पुढं जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या बाजूनं ते उभे राहिले तेव्हा शेतकऱ्यांचे बाकीचे पुढारी त्यांच्यावर तुटून पडले होते. नातवाला मात्र निर्यातबंदी नको आणि हमीभाव हवा, दोन्ही.

“दोन्ही एकदम कसं जमायचं?” मी विचारलं.

त्यानं काट्यावरची वांगी उतरवली. “काका, कांदा चढला की सरकार येतं. पडला की सांगतात, बाजार आहे. आम्हाला एकदा उलटं बघायचंय, बस.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मागच्या बाईंना घाई होती.

एक मात्र तरुणांना माहीत नसतं म्हणून सांगतो. यार्ड चालवणाऱ्या ज्या बाजार समितीला आज सगळे शिव्या घालतात ती मोकळ्या बाजारावरचाच इलाज म्हणून आली. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडात, कारंज्याला, १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कायदा झाला. त्यांना मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी चोख कापूस हवा होता, शेतकऱ्याचा कळवळा नव्हता, हे खरं. पण त्याआधी काटा शेठचा, वजन शेठचं, कटती, म्हणजे वजनातली कापणी, शेठच्या मर्जीची. भावही रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. ज्याचा माल तो शेजारी उभा राहून रुमालाकडे बघत बसायचा. बाजार समित्यांचा १९६३ चा आपला कायदा हे सगळं उघड्यावर आणायला झाला. पुढं त्याच्या आधारानं यार्डातच भिंती उभ्या राहिल्या. लायसन मिळणं कठीण, गाळे ठरावीक आडनावांत फिरणारे, नव्या माणसाला शिरकाव नाही. आमच्या शेठनाही नवा आडत्या शेजारी नको असायचा. ‘स्पर्धा वाईट नाही हो, पण या लायनीत नको,’ असा एकूण सूर. जुलै २०१६ मध्ये सरकारनं फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे बाजार समितीबाहेरही विकायला मोकळीक दिली, आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली, तेव्हा व्यापाऱ्यांनी काही दिवस बाजार बंद ठेवले. मुक्त व्यापाराला व्यापाऱ्यांचाच विरोध! त्या नियमनमुक्तीनंतर अशा आठवडे बाजारांना जोर आला. म्हणजे आज जी मेथी मी हसत घेतो तिच्यासाठी तेव्हा माझाच गाळा बंद होता.

(पुण्याच्या मंडईचीही अशीच गंमत. १८८० च्या दशकात रे मार्केट बांधायचं निघालं तेव्हा नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता. पैसा लोकांच्या शिक्षणावर घाला, इमारतीवर नको, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव दिलं. बाजाराचं छप्पर कुणाच्या पैशानं, हा प्रश्न तेव्हापासून आहे. बुधवारच्या बाजाराची जागाही फुकटात जमिनीतून उगवलेली नाही.)

तर एक तारा का कापला? भावासाठी. भाव जास्त आहे म्हणून नव्हे, सगळीकडे एकच आहे म्हणून. दुपारी साडेतीनला आयोजकांचा माणूस येतो, आज वांगं अमुक, गवार तमुक असं सांगतो, आणि सगळ्या टेबलांवरच्या पाट्यांवर तेच आकडे खडूनं उमटतात. परिणाम काय? दुसऱ्या रांगेत शिरूरकडचे एक आजोबा भेंडी आणतात. बोटभर लांबीची, निवडलेली, एकही निबर नाही. चौथ्या रांगेत एकाची भेंडी चाकूला दाद देत नाही. दोघांच्या पाटीवर ६० रुपये. यार्डात हे चाललं नसतं. तिथं डाग फोडून बघतात, एक नंबर मालाला वरचा भाव, दोन नंबरला खालचा, आणि एक नंबरवाल्याची कॉलर ताठ. इथं आजोबांना निवडण्याच्या मेहनतीचे वेगळे पैसे नाहीत. पुढच्या वर्षी ते निवडतील का?

हे मी आयोजकांच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, गिऱ्हाइकांनाच एक भाव हवा आहे, वेगळे भाव ठेवले की भांडणं होतात. आणि तो खोटं बोलत नव्हता. आमच्या मजल्यावरच्या ताई मला म्हणाल्या होत्या, “इथं बरं वाटतं बघा काका, घासाघीस करावी लागत नाही.” दलाल नको, घासाघीस नको, भाव बांधलेला हवा, माल ताजा हवा आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांत बघून पैसे दिल्याचं समाधान हवं. याला लोक मोकळा बाजार म्हणतात. मला तर हे रेशन दुकानाचं देखणं भावंड वाटतं. पण गर्दी बघता लोकांना हेच आवडतं, आणि माझ्या चार ताऱ्यांतही हे धरलेलं आहे, कारण फसवणूक खरोखर नाही. काटा चोख आहे. मी घरी परत तोलून पाहिलं आहे. बायको हसते, हसू दे.

मोकळा बाजार बघायचाच असेल तर रात्री साडेआठला जा. माइकवाला गेलेला असतो, पाटीवरचे आकडे कुणीतरी हातानं पुसलेले असतात. मेथी तीन जुड्या वीसला, कोथिंबीर कितीला ते तुमच्या तोंडाकडे बघून. उरलेला टोमॅटो क्रेटसकट न्यायला दोन खानावळवाले उभे असतात आणि खेडचा मुलगा एकाचा आकडा दुसऱ्याला सांगून दोन रुपये चढवतो. भेंडीवाले आजोबा तेव्हा नसतात; त्यांचा माल सातलाच संपतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा बरं वाटलं, कारण भाव मिळाला नाही तरी निदान माल आधी उठतो. चौथ्या रांगेतला भेंडी तशीच घेऊन परत जातो.

घरी कामाला येणाऱ्या मावशी साडेआठलाच येतात. संध्याकाळच्या पाटीवरचा भाव त्यांना परवडत नाही. दोन कामं उरकून, पिशवी घेऊन, उरल्यातून नीट निवडून नेतात. हा बाजार पैसेवाल्या लोकांसाठी आहे अशी टीका करणाऱ्यांनी तेवढी वेळ बदलून बघावी. आणि शेतकऱ्याचं भलं करायला येणाऱ्यांनी साडेआठला भाव पाडू नये, ते काम खानावळवाले नीट करतात.

बाकी बारीकसारीक : सुटे पैसे न्या, नेटवर्क सहानंतर दगा देतं. कापडी पिशव्या दोन लागतात, टोमॅटोची वेगळी. पावसाळ्यात तिसऱ्या रांगेत चिखल असतो. वाटाण्यासाठी पाचच्या आत पोचा. भेंडी फक्त आजोबांकडून. भरताची वांगी विचारू नका. जळगावकडची थंडीत येतात, तोवर टेबलावर ‘भरीत स्पेशल’ लिहून जे ठेवलं असतं त्यात बिया फार.