केनियाचे फोटो: ग्रुपवर टाकावे का अल्बमची लिंक द्यावी?

आम्ही परभणीचे सहा जण ऑगस्टमध्ये केनिया करून आलो, बोगोरिया, नाकुरू, मसाई मारा आणि शेवटी अंबोसेली. घरी बॅगा उघडायच्या आधीच फोनवर फोन, फोटो कधी टाकताय. आता ह्या दिवाळीत ओळखीतली अजून दोन घरं जायलेत आणि तेच विचारायलेत, म्हणून मी दोन्ही करून बघितलेलं लिहितो.

ग्रुपचं सुख मोठं आहे हे आधी मान्य करतो. टाकला की सगळ्यांना दिसला, आजीला पण, कुणाला काही शिकवावं लागत नाही, आणि लगेच बोलणं सुरू होतं. जीपमधले टोपीवाले फोटो, जेवणाचे, विमानतळावरचे, हे सगळं ग्रुपवरच टाका, त्याला दुसरं काही करायची गरज नाही.

माझं अडलं ते बोगोरियाच्या फ्लेमिंगोंवर. तळ्याच्या काठाला पार लांबपर्यंत गुलाबी पट्टा, मी तो ग्रुपवर टाकला तर पैठणचे काका म्हणाले, अरे हे तर रोहित पक्षी, आपल्या नाथसागरावर बी येतात की, त्याच्यासाठी एवढ्या लांब गेलास व्हय. आता काकांचं अर्धं बरोबर होतं. नाथसागरावर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, येतो तो मोठा फ्लेमिंगो, त्याची चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. बोगोरियात जास्त करून छोटा फ्लेमिंगो, त्याची चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते, तो त्या खारट पाण्यातलं बारीक शेवाळ खातो आणि त्याचाच गुलाबी रंग अंगावर चढतो. मी म्हणलं काका, झूम करून चोच बघा. काकांनी दोन बोटांनी फोटो ताणला आणि म्हणाले, काही दिसंना, नुसता गुलाबी चिखल झालाय. ग्रुपवर जाताना फोटो दाबून लहान होतो, एचडी करून पाठवला तरी थोडाफार होतोच, आणि प्राण्यांच्या फोटोत तर बघायचं सगळं त्या छोट्या कोपऱ्यातच असतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो, पण एकेक फोटो दहा एमबीचा, दोन दिवसांत मावशीचा फोन, अरे माझा मोबाईल भरला.

मग मी निवडून ८० फोटोंचा गुगल फोटोजवर अल्बम केला आणि लिंक दिली. काकांनी दोन दिवस ती उघडलीच नाही, कारण अनोळखी लिंक उघडू नका असं सगळीकडं सांगतात आणि ते बरोबरच आहे. म्हणून आधी फोन करा, मीच पाठवलीय म्हणून सांगा. उघडल्यावर मात्र काकांनी चोच पार पिसाच्या कडेपर्यंत ताणून बघितली आणि म्हणाले, हां, ही आपली नाही. अंबोसेलीतून काढलेल्या किलिमांजारोचं पण तसंच झालं. डोंगर टांझानियात, ५,८९५ मीटरचा, पहाटे ढग यायच्या आत घटकाभर मोकळा दिसतो. ग्रुपवर त्याच्या मागच्या आभाळात पट्टे पट्टे पडले होते, अल्बममध्ये बर्फ आणि आभाळ वेगळं दिसलं.

लिंकची पण कटकट आहेच. गुगलवर फुकट जागा १५ जीबी, त्यात तुमचे मेल पण आले, त्यामुळं चार हजार फोटो ढकलून द्यायचा विचार सोडा, निवडा. गावाकडं रेंज नसली की गोल गोल फिरत बसतं. आणि ज्याच्या हातात लिंक तो बघू शकतो, म्हणून एक गोष्ट मनापासून सांगतो, गेंड्याच्या फोटोचं लोकेशन, म्हणजे फोटो कुठं काढला ती फोटोसोबत जाणारी जागा, बंद करूनच शेअर करा. नाकुरूला काळे-पांढरे दोन्ही गेंडे आहेत, आणि शिंगासाठी शिकार करणाऱ्यांना फोटोतलं लोकेशन म्हणजे आयता पत्ता. अल्बमच्या सेटिंगमध्ये ते एका टिचकीत बंद होतं.

पेनड्राइव्ह टीव्हीला लावून दाखवायला मला पण आवडतं, पण ते घरी आलेल्यांपुरतंच. छापील अल्बम एकच, महाग, तो आईसाठी केला.

तुमच्या घरची माणसं वेगळी असतील, तुम्हाला ग्रुपच बरा पडेल कदाचित. पण कॅमेरा नेणार असाल तर मी तरी लिंकच द्या म्हणीन. काका आता हिवाळ्यात नाथसागरावर बोलवायलेत, आपल्या रोहिताची चोच जवळून काढून त्याच अल्बममध्ये टाक म्हणून.