टी2 कॅम्परचं चाक बदलायचंय, जॅक कोणता घ्याल?

जुनी फोल्क्सवॅगन कॅम्पर, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली व्हॅन, विकत घेताना लोक इंजिनचा आवाज ऐकतात, वर उचलणाऱ्या छताचं कापड चाचपतात, गॅसची शेगडी पेटवून बघतात. जॅकची चौकशी क्वचितच कुणी करतं. बऱ्याच गाड्यांत मूळ जॅक अजून असतो आणि विकणारा तो कौतुकाने दाखवतो. पंक्चर झाल्यावर मात्र ठरवावं लागतं की याच्यावरच विसंबायचं, बाटली जॅक (बाटलीसारखा उभा हायड्रॉलिक जॅक) ठेवायचा की ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा मोठा जॅक) सोबत न्यायचा. इथे मी टी2 धरून बोलतोय, म्हणजे 1967 ते 1979 या काळात जर्मनीत बनलेली, पुढे एकसंध बाकदार काच असलेली ‘बे विंडो’. ब्रिटन-जर्मनीत राहणारी आपली मंडळी सहसा हीच घेतात किंवा सुट्टीत भाड्याने काढतात.

जॅकची ताकद हा खरं तर दुय्यम मुद्दा आहे. सामान भरून गाडी दोन टनांच्या आसपास जाते, पण एका वेळी एकच कोपरा उचलायचा असतो. दोन टनांचा साधा हायड्रॉलिक जॅक त्याला पुरून उरतो. बघायचं ते हे की जॅकचं डोकं गाडीला कुठे टेकणार आणि बूड जमिनीवर कशावर उभं राहणार.

मूळ जॅक म्हणजे एक उभा दांडा आणि त्याला बाजूने निघालेला आडवा हात. दाराखालच्या सिलच्या (कडेच्या पत्र्याच्या पट्टीच्या) आत, प्रत्येक बाजूला दोन, अशा चौकोनी खोबणी दिल्यात. त्यात तो हात घालायचा आणि गाडी वर घ्यायची. हलका, आटोपशीर, गाडीखाली वाकायचं कामच नाही. गाडी नवी होती तेव्हा ही सोय उत्तम होती. आज त्या खोबणींचं वय पन्नाशीच्या आसपास आहे, आणि नेमक्या त्याच जागी पावसाचं पाणी, चिखल आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ साठतं. वरून ताजा रंग, आत पत्र्याचा पापड. ब्रिटनमध्ये 2018 पासून चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना एमओटी या दरवर्षीच्या सुरक्षा तपासणीतून सूट आहे, त्यामुळे दरवर्षी कुणी खालून टोचून बघेलच याची खात्री नाही. तुम्हीच जाड पेचकस घेऊन खोबणीभोवती टोचा. पत्रा दबला तर विषय संपला.

पत्रा ठणठणीत असला तरी मला हा जॅक फारसा आवडत नाही. तो बॉडी उचलतो, चाक नाही. बॉडी वर जाते तसं सस्पेन्शन खाली लोंबत राहतं, म्हणून चाक जमिनीवरून सुटेपर्यंत गाडी बरीच उचलावी लागते. त्यात ही गाडी जवळजवळ दोन मीटर उंच, आणि आधार फक्त एका बाजूने. उतारावर किंवा ओल्या गवतावर हे सगळं जॅकच्या छोट्याशा बुडावर तोललेलं असतं.

बाटली जॅकचा फायदा इथे कळतो, कारण तो ॲक्सलजवळ लावता येतो. पुढे ॲक्सलच्या दोन आडव्या नळ्या आहेत. त्यातल्या खालच्या नळीच्या बाहेरच्या टोकाशी, चाकाच्या जवळ तो टेकवायचा. नळी गोल असल्याने मध्ये खाच पाडलेला लाकडी ठोकळा हवा, नाहीतर डोकं घसरतं. मागे, शॉकॲब्सॉर्बर खाली जिथे बसवलाय तिथल्या सस्पेन्शनच्या जाड हाताखाली. मागे चार बोटं उचललं की चाक मोकळं; पुढच्या नळ्या मात्र बॉडीलाच पक्क्या असल्याने तिथे सस्पेन्शन लोंबतंच आणि जास्त उचलावं लागतं. मात्र टायर रुंद असतील तर मागचं चाक त्यावरच्या पत्र्याच्या कमानीत अडकू शकतं, तेव्हा बॉडी उचलून सस्पेन्शन लोंबलेलंच बरं पडतं. इंजिनखाली जॅक कधीच लावू नका. 1600 सीसीच्या इंजिनाचं आवरण मॅग्नेशियम मिश्रधातूचं असतं, ते तडकलं तर पंक्चर परवडलं म्हणाल.

बाटली जॅकची अडचण उंचीची. पूर्ण मिटलेला असतानाही तो वीतभर उंच असतो, आणि टायर बसला की नेमकी तेवढीच जागा नाहीशी होते. म्हणून विकत घेण्याआधी घरीच एका चाकाची हवा काढा आणि खाली टेप लावून मोजा. रस्त्यावर अडलातच तर बसलेलं चाक हळूच फळीवर चढवून थोडी उंची मिळवता येते.

ट्रॉली जॅक गॅरेजमध्ये राजा. खाली सहज सरकतो, डोकं मोठं, चार दणक्यांत गाडी वर. पण त्याचा हात कमानीत फिरत वर जातो, म्हणून उचलताना जॅकला थोडं पुढेमागे सरकावं लागतं. सिमेंटच्या फरशीवर त्याची लोखंडी चाकं सरकतात. कॅम्पसाइटच्या गवतात किंवा खडीत ती रुततात, मग एकतर डोकं जागेवरून सुटतं नाहीतर गाडीच ओढली जाते. वजनही बरंच, आणि कॅम्परमध्ये मोकळी जागा कुठे असते?

आधुनिक गाडीतला कात्री जॅक उसना घेऊ नका. त्याच्या डोक्यातली खाच त्याच गाडीच्या सिलसाठी केलेली असते. मदतीला फोन करणं हाही एक पर्याय आहेच. जर्मनीत एडीएसी, ब्रिटनमध्ये एए किंवा आरएसी. मोटरवेवर तर तोच एक पर्याय. तिथे स्वतः चाक काढायच्या फंदात पडू नका, कुंपणापलीकडे जाऊन थांबा.

तेव्हा माझा कौल असा: गाडीत दोन टनांचा बाटली जॅक, खाच पाडलेला ठोकळा, बुडाखाली घालायला फूटभर चौरस जाड प्लायवूड आणि चाकाला लावायला दोन पाचरी. ट्रॉली जॅक घरी, सोबत ॲक्सल स्टँड (उचललेली गाडी टेकवायचे पक्के आधार). गाडीखाली शिरायचं असेल तर कुठल्याही जॅकच्या भरवशावर नाही, स्टँड लावूनच. पाचरी चैन म्हणून सांगत नाहीये. मागचं एक चाक हवेत गेलं की गिअरमध्ये ठेवलेली गाडीसुद्धा डिफरन्शियलमुळे (मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या यंत्रणेमुळे) अडून राहत नाही, आणि पन्नास वर्षांच्या हँडब्रेकच्या केबलवर किती विश्वास टाकायचा ते ज्याने त्याने ठरवावं.

बोल्ट आधी जमिनीवरच सैल करा, जॅकवर गाडी असताना पान्याला हिसके नकोत. या गाडीला नट नाहीत, बोल्ट आहेत, त्यामुळे स्टेपनी हातात धरून भोकं जुळवत बसावं लागतं. जुन्या बोल्टचं डोकं कापून केलेली खुंटी वरच्या भोकात फिरवून ठेवली की चाक तिच्यावर अडकवता येतं. स्टेपनीही आधी ताडून बघा. 1970 च्या उन्हाळ्यानंतरच्या गाड्यांत पुढे डिस्क ब्रेक आले, तेव्हा बोल्टमधलं अंतरही बदललं. जुन्या गाडीतून मिळवलेली सुबक स्टेपनी नव्या हबवर बसतच नाही.